ताईचा मुलगा आणि माझे उंदीर

दोन हजार सालच्या सुमारास मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचे. एवढी शिकलेली बाई उंदरांना चारा घालते, म्हणून नाशिकला मखमलाबादेत, ताईच्या सासरी, माझी यथेच्छ थट्टा व्हायची. झेंडूच्या क्रेटमागून उंदीर पळाला की दाजी म्हणायचे, "मेहुणीबाई, तुमचा विद्यार्थी चालला बघा." मीही हसायचे.

आमच्या उंदरांतलं एक जनुक मुद्दाम काढून टाकलेलं होतं. त्या जनुकामुळे रक्तातल्या एका पेशीच्या अंगावर एक प्रथिन तयार होतं. त्याच्या जोरावर ती दुसऱ्या पेशीला सांगते, की रोगाशी लढणारी कच्ची प्रतिपिंडं पुरे झाली, आता पक्की बनव. जनुक नसलं की हा निरोपच पोचत नाही. दिसायला उंदीर ठणठणीत. निर्जंतुक खोलीत ते मजेत राहतात, साध्या खोलीत ठेवले की छाती भरून मरतात. मी ते वहीत लिहायचे आणि डबा खायला जायचे.

ताईच्या मुलाला दीड वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, तेव्हा मी दिवाळीला तिच्याकडेच होते. जुलाब तर त्याचे कधी थांबतच नव्हते. सासूबाईंनी दृष्ट काढली, डॉक्टरांनी औषध बदललं. श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. असाच श्वास मी पिंजऱ्यात पाहिला होता.

बोलायची मात्र हिंमत झाली नाही. उंदरांवरून भाच्याचं निदान करते म्हणून सगळे हसतील, हे वरवरचं कारण. खरी भीती वेगळीच होती. हा दोष मुलग्यांना आईकडून येतो, आणि ताईला पाचवा महिना होता. मी मुलखाची भित्री. दिवाळी उरकून पुण्याला पळाले आणि तीन आठवडे तिचे फोन टाळले.

चौथ्यांदा त्याला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मात्र नाशिकला आले. डॉक्टरांना बाहेर गाठून चाचरत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. रक्त तपासायला मुंबईला गेलं. कच्ची प्रतिपिंडं भरपूर, पक्की जवळजवळ नाहीतच, असा रिपोर्ट आला.

डॉक्टर ताईला समजावत होते. दर महिन्याला प्रतिपिंडं शिरेतून द्यायची, पाणी उकळूनच पाजायचं, माणसांची गर्दी नको. ती मान हलवत होती, पण बघत होती माझ्याकडे.

ते गेल्यावर म्हणाली, "तुला आधीच कळलं व्हतं ना?"

"दिवाळीत," मी म्हणाले.

आता ही मला फाडून खाणार, असं वाटलं. तिनं नुसता पोटावर हात ठेवला.

"तुझे ते उंदीर किती जगत्यात गं?"

"स्वच्छ ठेवले तर पुष्कळ जगतात."

"आन् बाकीचे?"

तेवढ्यात दाजी मळ्यातून तसेच आले, हाताला माती, पायाला चिखल. ताई ताडकन उठली.

"थांबा तिथंच! हात लावू नका त्याला."

पोरानं बापाकडे दोन्ही हात पसरले होते. दाजी दारातच उभे राहिले.