कुरुंद्याच्या हळदीचा डीएनए

माझी साक्षी विद्यापीठात जेनेटिक्स शिकते. आमच्या कुरुंद्यात हा शब्द बोलताना बायांची जीभ अडखळते. "कमलबाई, पोरगी नर्स व्हणार का?" असं आठवड्यातून चौघीजणी तरी विचारतात. न्हाई ओ बाई, नर्स न्हाई! लेकरू आईबापावर काहून जातं, ते ती शिकते. एवढं समजावून सांगितलं तरी शेजारची शिला परवा म्हणली, "मग मला बीपीची गोळी लिहून देईल का?" आता हिच्यापुढं काय डोकं फोडावं!

साक्षी लहानपणापासून अशीच. शेळी व्याली की आमी दूध बघायचो, ही पिल्लाचा रंग बघायची. "आई, शेळी काळी, बोकड काळा, मग पिल्लू तांबडं कसं?" मी म्हणायची, "बापाला विचार." बाप, म्हंजे माझे मालक नरसिंग, म्हणायचे, "शेळीला विचार." वसमतच्या कॉलेजात एसटीनं जाऊन-येऊन तिनं बीएस्सी केली, पहिली आली, आन् विद्यापीठात एमएस्सीला नंबर लागला. मी वस्तीत घरोघर पेढे वाटले. मिरवायचं तवा मिरवावंच माणसानं.

शेवटच्या वर्षाला सरांनी तिला प्रोजेक्ट दिला: गावाकडच्या हळदीचा डीएनए काढायचा. झाडाची कुळी कोणती, हे त्या डीएनएत लिहिलेलं असतं म्हणे. साक्षीचा फोन आला, "आई, चांगली हळद पाठव." नामाजीभाऊंच्या शेतावर हळद शिजवायच्या कुकराखाली मी बावीस वर्सं जाळ घातला, मला चांगली हळद कळत न्हाई व्हय? पॉलिश केलेली, टणक, पिवळीजर्द हळकुंडं निवडून दोन किलो पाठवली. सरांना द्यायची वस्तू, हलकी कशी द्यावी?

आन् तिथं दोन महिने पोरगी झुरून राहिली. हळकुंड कुटायचं, औषधं घालायची, यंत्रात फिरवायचं, मग जेलीवर घालून दिव्याखाली बघायचं. डीएनए नीट निघाला तर रेघ चमकते. हिच्या जेलीवर नुसता धुरकट डाग! एकदा न्हाई, आठ बार. बाकीच्या पोरांच्या रेघा बराबर चमकत होत्या. सर म्हणले, "वाळलेल्या पानातूनसुद्धा डीएनए निघतो, तुझाच हात चुकतोय. शुक्रवारपर्यंत निघाला नाही तर प्रोजेक्ट बंद." म्हंजे वर्ष वाया.

मंगळवारी तिचा फोन आला. हुंदके देऊन राहिली. "आई, मी घरी येते. मला न्हाई जमत. तुझ्यासंगं कुकरावर काम करीन."

माझं डोकंच फिरलं. "कुकरावर आलीस तर तंगडं तोडीन!" मग जरा दम खाल्ला आन् विचारलं, "कोणत्या हळदीचा काढून राहिलीस?"

"तूच पाठवली ती."

"अगं बया! ती तर शिजवलेली! तिला कधी कोंब फुटतो का? जीवच न्हाई तिच्यात, तुझा डीएनए कुठून निघंल?"

पोरगी रडता रडता हसाया लागली. "आई, शिजवल्यावर डीएनएचे तुकडे तुकडे होतात गं! वर्गात मीच हे लिहिलं, आन् हळद शिजवतात हेच इसरले!" खरं सांगू? तिच्याइतकीच मी बी येडी. आमच्याकडं चांगली हळद म्हणलं की शिजवलेलीच. कच्चे गड्डे पुढच्या लागवडीला, बेण्याला ठेवायचे, ते कोणी सायबाला देतं का?

नामाजीभाऊंचं बेणं लिंबाच्या सावलीत पाल्याखाली झाकलेलं होतं. मी कोंब आलेले पाच गड्डे मागितले. "काहून?" म्हणले. "पोरीचं वर्ष वाचवायचंय." त्यांनी दहा दिले. गुरुवारी पहिल्या गाडीनं निघाले. विद्यापीठाच्या दारावरचा माणूस मातीची पिशवी बघून म्हणला, "मावशी, बाजार तिकडं." मी म्हणलं, "बाजाराला न्हाई आले, प्रयोगशाळेत चालले." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं!

साक्षीनं कोवळा कोंब कापला आन् कामाला लागली. दिवसभर तिनं पाण्याचा घोट घेतला न्हाई, मी बी स्टुलावर बसून जागची हलले न्हाई. पाचच्या सुमाराला जेली दिव्याखाली ठेवली. एका बाजूला माझ्या हळकुंडाचा तोच धुरकट डाग, आन् त्याच्या शेजारी, काय सांगू, जाड, नारंगी, लखलखीत रेघ! पोरांनी टाळ्या वाजवल्या. साक्षीनं मला उचललंच. मी ओरडले, "अगं सोड, पडशील!" पण डोळ्याचं पाणी काही थांबंना.

सर मोठ्या शहरातले. हळद शिजवतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पण माणूस दिलदार. सगळ्यांसमोर म्हणले, "साक्षी, तुझा हात चुकला नव्हता, मी चुकलो." मग स्टूल ओढून माझ्यापुढं बसले, वही उघडली आन् विचारलं, "मावशी, हळद किती वेळ शिजवतात? शिजली हे कसं ओळखता?" मी सांगत गेले, ते लिहीत गेले. इतकी वर्सं जाळ घातला, मला हे कोणी विचारलं नव्हतं.

निघताना मी मुद्दाम म्हणलं, "चल साक्षे, घरी यायचं म्हणत होतीस ना?"

तिनं मान बी वर केली न्हाई. "आई, तू जा. मला अजून नऊ गड्डे करायचेत."

मी एकटीच वसमतच्या गाडीत बसले. शेजारच्या बाईनं काही विचारलं न्हाई, तरी वसमत येईस्तोवर तिला सगळं सांगितलं.