कुंकवाचं पाणी

गुणवंतकाका दिवेकर म्हणजे केंद्र सरकारचा पक्का माणूस. जन्म फायलींत गेला, घरात कधी चहासुद्धा केला नाही. निवृत्त झाल्यावर दिल्लीतलं क्वार्टर सोडून त्यांनी गुडगावात आमच्या शेजारी फ्लॅट घेतला. तेव्हा खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची आणि पाणी टँकरनं यायचं. मॉल अजून व्हायचे होते, पण भाव ऐकून लोक आधीच हवेत. चंद्रप्रभाकाकूंना ही जागा कधी आवडलीच नाही. "मीनाक्षी, इथे धड एक झाड नाही गं," मला म्हणायच्या. वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

मग काका सगळं शिकले. कुकर लावायला, काकूंना भरवायला, त्यांची वेणी घालायला. वेणी इतकी वाकडी घालायचे की मला तिथे हसू यायचं आणि घरी येऊन रडू. काकू मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

एका मार्चमध्ये बाल्कनीतल्या मधुमालतीवर शिंजीर आला. बोटाएवढा पक्षी, काळानिळा, उन्हात चमकणारा. आणि काकूंनी मान वळवली! डावा हात उचलून खिडकीकडे केला. काका चपला न घालता माझ्या दारात. "अगं, हात उचलला तिनं!" डॉक्टर म्हणाले, ज्यात मन रमतंय ते सोडू नका. झालं! तो पक्षी टिकवणं एवढंच काकांचं काम उरलं.

अमेरिकेतल्या मुलानं, नचिकेतनं, पक्ष्यांना साखरपाणी पाजायची बाटली पाठवली. खोक्यावर तिकडच्या हमिंगबर्डचं चित्र, आत लाल रंगाच्या पुड्या. पाणी लालभडक व्हायचं. मी म्हटलं, "काका, बाटलीलाच लाल फुलं आहेत की प्लॅस्टिकची. पाण्याला कशाला रंग? तो काय सरबत मागवतोय?"

"तिकडचे लोक वेडे आहेत का? विचार करूनच दिला असेल ना!"

बिल्कुल ऐकेनात. त्या काळात परदेशी खोकं दिसलं की आमच्या अख्ख्या सोसायटीची अक्कल गहाण पडायची, एकट्या काकांना काय बोलणार? शिंजीर येत राहिला, हे खरं. मादीनं कपड्यांच्या तारेला लोंबतं घरटं बांधलं, पिल्लं झाली. काकू डोळे उघडले की आधी तिकडे बघायच्या आणि हसायच्या. अर्धंच तोंड हसायचं, पण हसायच्या.

मे महिन्यात मी पुण्याला माहेरी गेले आणि इकडे पुड्या संपल्या. काकांची घाबरगुंडी उडाली. रंग गेला तर पक्षी जाईल, पक्षी गेला तर ही पुन्हा भिंतीकडे वळेल. काकूंच्या टिकल्याही संपल्या होत्या, म्हणून काकांनी कपाटातून कुंकवाचा करंडा काढलेला. रोज सकाळी काकूंच्या कपाळाला बोट टेकवायचे. त्याच कुंकवाची चिमूट त्यांनी साखरपाण्यात टाकली. देवाच्या तीर्थात पडतं, आपण पितो, मग पाखराला काय होणार?

काकूंनी ते बघितलं. घशातून आवाज काढला, डावा हात कपाळावर नेऊन आपटला, पुन्हा आपटला. काकांना वाटलं, कुंकू लावायचं राहिलं. लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा आणखी ठसठशीत लावलं.

मी परत आले तर मादी बाल्कनीत मरून पडलेली आणि घरटं गप्प. कशानं मेली, कोण सांगणार? दिल्लीच्या उन्हानंही पाखरं मरतात, आणि एवढ्याशा जिवाला तपासतंय कोण! पण काकांनी कुंकवाचं सांगितलं, करंडा दाखवला, आणि माझं डोकंच फिरलं.

"अहो काका, हे? हे हळदीकुंकवात कुणीतरी दिलेलं, बाजारातलं भेसळीचं. हे लावून काकूंच्या कपाळाला फोड आले होते! म्हणून तर त्या टिकलीवर आल्या. कुंकू टाकायचं कसं, म्हणून नुसतं ठेवून दिलेलं. तुम्हाला माहीत नाही?"

त्यांना माहीत नव्हतं. जन्मभर सकाळी डबा घेऊन बस पकडली त्यांनी, बायकोच्या कपाळाकडे बघितलं कधी? रागानं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

त्यांनी ओल्या फडक्यानं काकूंचं कपाळ पुसलं. कुंकवाखालची कातडी सोलवटून काळी पडली होती. काका तिथेच पलंगाच्या कडेवर बसले.

"ती मला थांबवत होती, मीनाक्षी. आणि मी तिलाही तेच लावत होतो."

मी पुण्याहून टिकल्यांचं पाकीट आणलं होतं. काकांनी एक टिकली काढली आणि बोटावर घेऊन काकूंच्या कपाळाकडे नेली. काकूंनी डाव्या हातानं त्यांचं बोट बाजूला केलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं. नंतर त्या खिडकीकडे कधी वळल्या नाहीत.