मिशीवरचा फोकस

व्हिडिओले ऑटोफोकस लागते का नाही, हा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा कोणी काढू नका. या एका प्रश्नापायी आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी माझी अन् माझ्या सासूचीही झाली नाही. अन् सासू काही गाय नव्हती.

नवऱ्याचं नाव घ्यायले मी लाजत नाही. भैय्यालाल. लाखनीत हायवेले लागून आमचा फोटो स्टुडिओ आहे. ट्रक गेला का भिंतीवरच्या लग्नाच्या फ्रेमा थरथरते. माणूस मूळचा आंधळगावचा, कोशाचं रेशमी कापड विणणाऱ्या घरातला. बाप मागावर बसे, आई कांड्या भरे, अन् हे पोरगं तुटलेले धागे जोडे. कोशाचा धागा इतका बारीक, का डोळ्याले कमी दिसते अन् बोटाले जास्त समजते. तेच बोटं घेऊन भैय्यालाल लाखनीले आले, एका फोटोवाल्याकडं झाडू मारता मारता कॅमेरा शिकले, अन् लेन्सवरची रिंग अशी फिरवायले लागले का पाहणाऱ्यानं पाहतच राहावं.

बोलायचं मात्र नाव नाही. राग आला तरी तोंडातून शब्द निघत नाही, चहा अर्धा ठेवून उठते. मंग त्यांच्या वाटचं मले बोलावं लागते. देवानं जोडी बरोबर लावली.

पयले नुसते फोटो होते. मंग लोकाईले व्हिडिओ पाहिजे झाला, अन् तोही फोटोच्याच कॅमेऱ्यातून, मागचं सगळं धूसर अन् मधात नवरी चकचकीत. दिसते झकास. पण नवरी वीतभर पुढं सरकली का ती धूसर अन् मागचा आचारी चकचकीत! म्हणून सारखा रिंगवर हात पाहिजे, नाही तं कॅमेऱ्यालेच सांगावं, बावा, तूच पाह्य कोण कुठं उभं आहे ते. याले म्हणते ऑटोफोकस. भैय्यालाल म्हणे, "ऑटो म्हणजे भाड्याचा डोळा. कोणाकडं पाहावं हे त्याले काय समजते?"

बरोबर आहे. पण स्वतःचा डोळा तरी धड पाहिजे का नाही? पन्नाशी उलटली, जवळचं दिसेना, चष्मा केला तो कपाळावर. खाली ओढायचा नाही. ओढला तं गिऱ्हाईक म्हणन म्हातारा झाला! मंग काय, एका लग्नात अख्खी सप्तपदी अशी आली जशी कोणी ताकातून काढली. मुलीची आई स्टुडिओत येऊन रडली. मी म्हटलं, "अजी, एक तं चष्मा लावा, नाही तं ऑटो लावा. नाचता येईना अन् अंगण वाकडं!" त्यांनी चहा अर्धा ठेवला.

आता रेणूचं ऐका. रेणू म्हणजे माझ्या नणंदेची पोरगी. बाप कृष्णराव, धानाची शेती अन् शंकरपटाचं वेड. पटात दोन बैलजोड्या बाजूबाजूनं सुटते, अन् छकड्यावर बसून जोडी हाकते त्याले धुरकरी म्हणते. कृष्णरावची पांढरी जोडी रेणूनं गोऱ्हे होते तेव्हापासून वाढवली, म्हणून धुरकरीही तीच. बैल दुसऱ्याच्या हाकेले कान देत नाही. पण भाऊबंद रोज कृष्णरावचे कान भरे. पोरीच्या हाती कासरा शोभते का? पुतण्या राजकुमार काय मेला का? ऐकून ऐकून एक दिवस कृष्णराव चारचौघात बोलून बसले, "या पटात जिंकली तं कासरा रेणूचा. हरली तं राजकुमारचा, कायमचा."

पट लाखनीच्या जवळच्याच एका गावचा होता. कमिटीनं व्हिडिओचं काम आम्हाले दिलं अन् माइकवर जाहीर केलं, अटीतटीचं झालं तं व्हिडिओ पाहून निकाल. मी आदल्या दिवशीपासूनच मागं लागली, "अजी, तुमच्या डोळ्याच्या भरवशावर पोरीचा कासरा नका ठेवू." भैय्यालालनं मैदानात जाऊन निकालाच्या रेषेपाशी कॅमेरा मांडला, ऑटो चालू केलं अन् दोन्ही हात खिशात घातले.

"घे," म्हणाले. "आज तुझंच खरं."

रागानं बरं! अरे, ऑटो लावायचं तं नीट तं लावा. त्यात चेहरा शोधायची एक सोय असते, लग्नातली, ती तशीच चालू राहिली. माणसाचं तोंड दिसलं का कॅमेरा त्यालेच धरून बसते. अन् इथं पळणार कोण, तं बैल. आमच्या जुन्या कॅमेऱ्याले बैलाचं तोंड तोंडच वाटत नाही.

रेषेवर पंच म्हणून सेवकराम उभा होता. गावातला वजनदार माणूस, गुलाबी फेटा, अन् मिशी अशी का पंगतीत तिले वेगळं ताट वाढावं.

झेंडी पडली. इकडून आमची पांढरी, तिकडून त्याच गावची तांबडी जोडी. धुरळाच धुरळा. रेणू छकड्यावर वाकलेली, बैलांची नावं घेऊन ओरडून राहिलेली. मी रेषेच्या बाजूलेच होती, या डोळ्यानं पाहिलं. पांढरी आधी आली, चांगली मानभर आधी. पण गाव ओरडलं, "तांबडी! तांबडी!" अन् सेवकरामनं हात तांबडीकडं केला.

कृष्णराव म्हणाले, व्हिडिओ दाखवा. कमिटी कॅमेऱ्याभोवती जमली, ऊन लागते म्हणून डोक्यावर दुपट्टा धरला. अन् पडद्यावर काय? सेवकराम! मिशीचा केस अन् केस वेगळा. मागचे बैल म्हणजे नुसते डाग, धुरळ्यात कालवलेले. भैय्यालाल म्हणाले, "पांढरा डाग आधी येऊन राहिला, पाहा ना."

"डागावर निकाल लागते का?" सेवकराम गरजला. "मी रेषेवर उभा होतो. मी पाहिलं."

झालं. पंच म्हणते पाहिलं, मंग कोण काय बोलन?

कृष्णरावनं तिथंच, भर मैदानात, रेणूच्या हातातून कासरा घेतला अन् राजकुमारले दिला. पोरगी रडली नाही. बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली, अन् राजकुमार "चाल बाजूले हो" म्हणाला तेव्हा बाजूले झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर येईपर्यंत मी भैय्यालालले सोडलं नाही. खिशातले हात, कपाळावरचा चष्मा, भाड्याचा डोळा, सगळं उकरून काढलं. "बोटं काय देव्हाऱ्यात ठेवायची होती का? माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा होता, पोरीवर कायले?" त्या दिवशी मी चहाच ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी रेणू स्टुडिओत आली. "मामी, मले एकदा पाहू दे." आम्ही मोठ्या टीव्हीवर लावलं. भैय्यालाल अन् मी, दोघंही मान पुढं काढून त्या डागाईकडं पाहून राहिलो. पांढरा, तांबडा, धुरळा. पुन्हा तेच. भैय्यालालनं चष्मा खाली ओढला, तरी डाग ते डागच. रेणू आमच्या मागं उभी होती. ती एकदम म्हणाली, "मामा, बैलाईले काय पाहता? या बुवाले पाहा."

पाहिलं. मागून डाग रेषेवर आले, सर्रकन निघून गेले, अन् हा माणूस कॅमेऱ्यात पाहून राहिला! थेट आमच्या तोंडाकडं. एका हातात झेंडी अन् दुसऱ्या हातानं मिशीले पीळ. डाग गेल्यावर यानं मान वळवली, गाव काय ओरडून राहिलं ते ऐकलं, अन् मंग हात वर केला. रेषेकडं त्यानं पाहिलंच नव्हतं. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, ते हेच!

आदल्या दिवशी अख्खी कमिटी त्या पडद्यावर वाकली होती. धूसर होतं त्यात सगळ्यांनी डोळे फोडले, अन् जे लख्ख होतं ते एकालेही दिसलं नाही. मलेही नाही, याचा तं मले अजून राग येते.

मी म्हटलं, हा टीव्ही दुकानाच्या काचेत ठेवा, तोंड हायवेकडं. अन् हाच तुकडा, फिरून फिरून. भैय्यालाल म्हणाले, "शोभा, वैर होईन. कमिटी पुन्हा काम देणार नाही."

"नको देऊ दे! आपल्या हातानं पोरीचा कासरा गेला, अन् तुम्ही कामाचं पाहता?"

त्यांनी चहा अर्धा ठेवला. पण टीव्ही त्यांनीच उचलला, अन् मांडला तोही असा का रस्त्यापलीकडून दिसावं. चहाच्या टपरीवरचे आले, ट्रकवाले थांबले, बाजाराले आलेल्या बाया थांबल्या. लोक हसून हसून मेले. एकानं तं आरोळीच ठोकली, "अबे मिशीवाल्या, मागं पाह्य बे, बैल आले!" मले काही हसू आलं नाही. मी निरोप धाडून कृष्णरावले बोलावलं अन् त्या टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसवलं.

ते पाहतच होते, तेवढ्यात सेवकराम स्वतः दुकानात घुसला. चोराच्या उलट्या बोंबा!

"ए बाई, बंद कर हे! भर रस्त्यात माझी इज्जत काढून राहिली तू."

"मी काय काढली? तोंड तुमचं, मिशी तुमची. एवढा साफ फोटो तुमच्या लग्नातही निघाला नसन. मले एकच सांगा. बैल रेषेवर आले तेव्हा तुम्ही कोणाकडं पाहून राहिले?"

त्यानं टीव्हीकडं पाहिलं. टीव्हीतला सेवकराम मिशीले पीळ देऊन राहिला होता.

"कॅमेरा दिसला तं माणूस पाहतेच ना," तो म्हणाला.

"मंग तांबडी कोणं पाहिली?"

"सगळे ओरडले ना तांबडी, म्हणून..."

कृष्णराव खुर्चीवरून उठले. मले वाटलं आता हात उचलते. पण आवाजही चढवला नाही. "सेवकराम," म्हणाले, "तुझ्या मिशीपायी मी माझ्या पोरीच्या हातातला कासरा काढला?"

"आता निकाल बदलत नाही, भाऊ. ढाल देऊन झाली."

"ढाल ठेव तुझ्यापाशी," कृष्णराव म्हणाले अन् चप्पल घालून तडक निघून गेले. मी त्यांच्या मागून ओरडली, "भाऊजी, नुसतं त्याच्यावर चिडू नका! कासरा त्यानं नाही काढला, तुम्ही काढला!" खरं होतं ते बोलली. नणंद दोन महिने माझ्याशी बोलली नाही, न बोलो.

पुढला पट दिघोरीचा. सकाळी पाहतो तं छकड्यावर रेणू, अन् राजकुमार तोंड फुगवून बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा. भैय्यालालनं चष्मा नाकावर घेतला, सगळ्यांदेखत. ऑटो बंद केलं. ते रिंग फिरवत अन् मी पडद्यावर रेषेचा खांब मोठा करून पाहत होती. "अजून थोडं. थोडं मागं. बस!" रिंग तिथून हालू नये म्हणून त्यांनी तिच्यावर चिकटपट्टी मारली. बैलाईच्या मागं धावायचं कामच काय? बैल कुठूनही आले तरी या रेषेवरच येणार. एवढी साधी गोष्ट, अन् तिच्यापायी आम्ही दोघं वर्षभर भांडलो!

तिथल्या पंचानं आमचा कॅमेरा पाहिला अन् जो रेषेकडं पाहत उभा राहिला, तो नाकावर माशी बसली तरी हालला नाही. मिशीची गोष्ट दिघोरीपर्यंत पोचली होती म्हणायची.

रेणू हरली. साफ हरली. समोरची जोडी अख्खा बैलभर पुढं होती. पंचाले दिसलं, मले दिसलं, अन् व्हिडिओत तं बैलाच्या नाकातली वेसणही दिसली.

पोरगी छकड्यावरून उतरली, धुरळ्यानं तोंड पांढरं झालेलं. कोणी काही म्हणायच्या आधी स्वतःच बापापाशी गेली अन् कासरा पुढं धरला. "बाबा, हरली मी. आज खरी हरली."

राजकुमारनं बाजूनं हात पुढं केला. कृष्णरावनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"डावा बैल दबून पळून राहिला होता," ते रेणूले म्हणाले. "घरी गेल्यावर त्याचा खूर पाह्य." अन् तिनं पुढं धरलेला कासरा नीट गुंडाळून तिच्याच खांद्यावर टाकला.