दोन प्लेटांचा क्लच

दुपारचं जेवण झाल्यावर प्रणोतीला गॅरेजातल्या खुर्चीवरच डुलकी लागतेय. समोर बाकड्यावर दोन खोकी आहेत. एकात सिरॅमिकचा क्लच, दुसऱ्यात दोन प्लेटांचा. मोठा टर्बो बसवल्यापासून धाकट्या बहिणीच्या, गार्गीच्या गाडीची ताकद दुप्पट झालीय आणि जुन्या क्लचला ती पेलवत नाही. रविवारी घाटात शर्यत. गार्गीला सिरॅमिकचाच हवाय, आणि एकदा हट्टाला पेटली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

डोळा लागतो न लागतो तोच दस्तगीर उस्ताद चाकाशी उकिडवे बसलेले दिसतात. प्रणोतीला हे काम शिकवणारे उस्ताद जाऊन वर्ष झालं. तरी तिला नवल वाटत नाही. चहा सांगायला हवा, एवढंच वाटतं.

"चप्पल काढ," उस्ताद म्हणतात. दुरुस्त केलेली गाडी ते नेहमी अनवाणीच चालवून बघायचे. "क्लच तळव्याला कळतोय. बस आत."

ती बसते, आणि गॅरेजाच्या भिंती नाहीतच. घाटातलं वळण आहे, धुकं आहे, डाव्या हाताला दरी आहे.

"ह्यो सिरॅमिक. सोड पाय."

गाडी हिसका देऊन झेपावते, मागचं चाक कठड्याकडे सरकतं. प्रणोती कचकन ब्रेक दाबते.

"गेल्या साली गार्गीचा घोटा मोडला न्हवं? कुठला?"

"डावा. क्लचचाच पाय." हे आपल्या डोक्यातच आलं नाही, याची तिला लाज वाटते.

"इंजनाचा जोर मोजत बसलीस. पायाचा कुणी मोजायचा? आता ह्यो दुसरा."

उस्ताद बॉनेटवर हात ठेवतात आणि लोखंडाच्या आरपार दिसायला लागतं. इंजिनाची चकती गरगरतेय, दोन्ही प्लेटा स्तब्ध आहेत. ती पाय सोडते तशा त्या टेकतात, जराशा घसरतात, लालसर उजळतात, आणि मग सगळं एकदम, एकाच वेगानं फिरू लागतं. वीस वर्षं ती क्लच बसवतेय. हा क्षण तिनं कधी पाहिला नव्हता. तिचे डोळे भरून येतात.

"उस्ताद, तुम्हाला हे दिसायचं?"

"जित्तेपणी न्हाई गं. तवा पायानंच वळखायचो."

"ताई, सिरॅमिकच ना?"

दारात गार्गी उभी आहे. गाडी सकाळपासून रॅम्पवर उचललेली आहे, तशीच. प्रणोती डावा पाय मांडीवर घेते. तळव्यावर पेडलच्या रबराच्या आडव्या रेघा उमटल्यात, लालबुंद. ती त्यांवरून बोट फिरवत राहते.

"घोटा अजून दुखतो तुझा?" ती विचारते.

गार्गी डावा पाय मागे घेते.

"तुला कुणी सांगितलं?"