मोठेबाबांच्या टाचेवरचा डाग

माझ्या रिसर्चवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवणारा माणूस त्या विश्वासानंच मेला.

आज वर्ष झालं. वर्षभर ही पोस्ट टाळली. आज लिहिते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. देऊळघाटला शेती. अर्धं आयुष्य अनवाणीच गेलं.

आमच्याकडे पायात काटा मोडला, टाच फाटली की बिब्बा. दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की चटका द्यायचा. त्याचा काळा डाग लवकर जात नाही.

मोठेबाबांच्या आजोबांची औषधांची एक वही घरात होती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची. तिच्यात निम्म्या दुखण्यांवर बिब्बाच. लहानपणी मी त्या वहीला जाम हसायचे.

आणि पीएचडीला विषय घेतला तोच. बिब्ब्यातली द्रव्यं आणि स्किन कॅन्सर.

पहिला बरा रिझल्ट आला, त्या दिवाळीत मी गावी. फराळाच्या ताटासमोर बसून सगळ्यांना मोबाईलवर लॅबमधले फोटो दाखवले. या डिशमध्ये कॅन्सरच्या पेशी बेफाम वाढल्या. या डिशमध्ये बिब्ब्याचा अर्क टाकला, वाढ मंदावली.

काय तोरा होता माझा.

मोठेबाबांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.
"म्हंजे आमचा आजा बरोबर व्हता तं."
"हो," मी म्हणाले.

एवढंच. डिशमधली पेशी वेगळी आणि जिवंत माणूस वेगळा, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलंच नाही. कौतुक ऐकत बसले.

त्यांच्या टाचेवर तेव्हाच एक डाग होता. काट्याचा नव्हता.

मोठीआई दवाखान्यात चला म्हणून मागे लागायची. ते म्हणायचे, पोरगी त्याच्यावरच शिकून राह्यली, तिले समजत नाही का. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी बिब्बा. खालून खरा डाग पसरत होता, वरून बिब्ब्याचा काळा. कुठला कोणता, कोणाला कळणार?

मला कळायला हवं होतं. उन्हाळ्यात आले तेव्हा ते बाजेवर पाय पसरून बसले होते. पाया पडताना टाच समोरच दिसली. विचारलं, तर बिब्बा लावला म्हणाले. मी मान हलवली आणि चहा प्यायला आत गेले.

जांघेत गाठ आली तेव्हा चिखलीच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं. बायोप्सीचा रिपोर्ट घरच्यांना मीच वाचून दाखवला. मेलानोमा, म्हणजे काळ्या डागाचा स्किन कॅन्सर. माझ्या थिसिसच्या टायटलमध्ये हाच शब्द आहे.

शेवटच्या आठवड्यात त्यांच्या कॉटजवळ बसून मी माफी मागितली. खूप रडले. त्यांना वाटलं, माझं औषध कमी पडलं म्हणून रडते.

माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुहं औषध खरं हाय माय. मीच लावाले उशीर केला."

खरं काय ते सांगायची हिंमतच झाली नाही. तेच खरं मानून ते गेले.

थिसिस सबमिट झाला. लोक अभिनंदन करतात, मला अजून लाज वाटते.

तुमच्या घरात कोणाच्या तळपायावर काळा डाग वाढत असेल, तर त्याच्यावर काही लावू नका. दवाखान्यात दाखवा. आमचं औषध अजून डिशमध्येच आहे.

मोठेबाबा, उशीर तुम्ही नाही केला.

पाया पडते.