तळवेकाकांचं अर्धं माप

तळवेकाका हे आडनाव नव्हे. समोर माणूस आला की हा गडी त्याचं तोंड बघायच्या आधी पाय बघायचा, म्हणून सगळ्या दवाखान्यानं मिळून ठेवलेलं ते नाव. कुष्ठरोग्यांच्या त्या दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी चपला शिवल्या. आवाराच्या टोकाला त्यांची पत्र्याची खोली. आत लाकडी ठोकळे, मऊ काळ्या रबराचे तक्ते, दाभण, मेण लावलेला दोरा. खिळा मात्र औषधालासुद्धा नाही. सगळं काम शिवून नाहीतर चिकटवून.

कारण सरळ होतं. तो रोग पायाची जाणीवच खातो. एकदा एक गवंडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत परांचीवर राबून आला. घराची किल्ली हरवली म्हणून बायकोशी कडाक्याचं भांडण करून आलेला. काकांनी चपलेत हात घातला तर किल्ली तिथंच. किल्ली सापडली, पण पायाची दोन बोटं गेली.

तेव्हापासून प्रत्येक जोड देताना काका तळहात आतून फिरवायचे. नवी चप्पल अर्धा तास घालायला लावायची, मग काढून पालथा हात तळव्याला लावायचा. जिथं गरम लागेल तिथं दाब पडतोय. लगेच रबर तासायचं. नवा रोगी आला की एक बोलणं ठरलेलं.

"दुखणं म्हणजे देवानं दारात बसवलेला राखणदार. चोर आला की ओरडतो. तुमचा राखणदार झोपलाय, म्हणून तोवर मी बसलोय."

हे बोलणं दवाखान्याच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांना इतकं आवडलं की त्यावर त्यांनी तीन उपदेश झोडले. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना मुद्दाम त्या पत्र्याच्या खोलीत आणायचं आणि काकांकडून ते वदवून घ्यायचं. पाहुणे वहीत लिहून न्यायचे.

काकांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. दवाखान्याच्या धुलाईघरात पट्ट्या उकळण्यात तिची उमर गेली. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. पाहुण्यांसमोर काका बोलायला लागले की ती दारातून म्हणायची, "लागली टेप."

ती आजारी पडली. छातीतली गाठ काढली, पण रोग पाठीच्या मणक्यात उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी लपवाछपवी केली नाही. म्हणाल्या, बरं करणं आता आपल्या हातात नाही, दुखणं कमी करणं आहे. एक बाटली दिली, सोबत रेघा मारलेला छोटा प्लास्टिकचा कप. दर चार तासांनी या रेघेपर्यंत. दुखायची वाट बघायची नाही.

आणि इथंच काकांनी चूक केली. अशी चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. दुखणं झोपलं की माणसाची काय दशा होते, हे एकतीस वर्षं रोज हाताळलेला माणूस तो. देवाच्या राखणदाराला गुंगी कशी पाजायची, असं त्याच्या मनानं घेतलं. वधस्तंभावर प्रभूपुढं गुंगीचं पेय धरलं होतं, ते प्रभूनं नाकारलं, हेही काकांना आठवलं. अर्ध्या सुताचा फरक खपवून न घेणारे काका कप अर्धाच भरायचे. तेही काकूचं तोंड वेडंवाकडं झालं तरच. आणि शेजारी बसून मनापासून प्रार्थना करायचे. दुष्टपणा त्यात तिळाएवढा नव्हता. म्हणून तर ती चूक कुणाला दिसली नाही.

एका दुपारी काकू म्हणाली, "अहो, एक विचारू?"

"विचार की."

"तुमचा तो राखणदार. चोर आला की ओरडतो, पटलं. पण चोर घरात शिरला, जेवला, हात धुतले, पलंगावर आडवा झाला. तरी हा ओरडतोच आहे. आता कुणाला उठवतोय?"

काका सवयीनं हसले, पण हसू अर्ध्यातच अडकलं. म्हणाले, "देवाला माहीत."

"त्याला माहीत आहे म्हणूनच तर राग येतो. माहीत नसतं तर सोडून दिलं असतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई घरी आल्या. खिडकीत ठेवलेली बाटली उचलून उजेडात धरली.

"काका, ही कितवी?"

"पहिलीच."

"पहिली? ही तर आठ दिवसांपूर्वी संपायला हवी होती."

काकांनी समजावून सांगितलं. थोडं अभिमानानंच सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"पायातलं दुखणं सांगतं, पाय उचल. काकूंच्या मणक्यातलं दुखणं काय सांगतंय? त्यांनी काय उचलायचं?"

काकांची नजर काकूकडं गेली.

"त्या दुखण्याचा निरोप मला केव्हाच पोचलाय," बाई म्हणाल्या. "आता त्याला गप्प करायचं. ते माझं काम, आणि घरी तुमचं."

त्यांनी रेघेपर्यंत कप भरला आणि काकूला पाजला. तासाभरानं काकूच्या मुठी सुटल्या. हळूहळू, एकेक बोट करून. आणि तेव्हा काकांना कळलं की तीन आठवडे त्या मुठी आवळलेल्याच होत्या. परक्याच्या तळव्यातली ऊब हुडकणारा माणूस, घरातल्या मुठी त्याला दिसल्या नव्हत्या.

काकूनं डोळे न उघडता विचारलं, "तुम्ही कमी देत होतात?"

"हो."

"मला वाटलं, औषधाचा जोरच तेवढा."

ती रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिनं नुसती कूस बदलली. किती दिवसांनी बदलली. काका परसात जाऊन रिकाम्या बादलीवर बसून राहिले.

पुढच्या रविवारी दवाखान्याच्या वाढदिवसाची उपासना होती आणि काकांनी साक्ष द्यायची असं कधीच ठरलं होतं. विषय होता, दुखणं हे देवाचं दान. काका पाळकसाहेबांकडं गेले आणि म्हणाले, मला जमायचं नाही.

"काका, पत्रकात छापून झालंय!"

"मग दुसऱ्या कुणाला उभं करा."

हे काकूच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "जायचं. आणि मलाही न्यायचं. एकतीस वर्षं लोकांना जे सांगितलंत ते पुरं करून या. नाहीतर उद्या दुसरा कुणीतरी बायकोला अर्धा कप पाजेल."

रविवारी काका लवकर उठले. त्यांनी चाकाच्या खुर्चीला मऊ रबराची गादी कापून बसवली. दहाचं औषध रेघेपर्यंत देऊन तिला चर्चमध्ये नेलं आणि शेवटच्या बाकाशेजारी ठेवलं. बाकांवर त्यांनीच शिवलेल्या चपलांच्या रांगा लागल्या होत्या. काका पुढं उभे राहिले. सवयीनं नजर खाली गेली, ती त्यांनी उचलली.

"मंडळी, दुखणं हा राखणदार आहे असं मी सांगत आलो. ते खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. घरी बायको कण्हत होती आणि मी तिचं औषध तोडत होतो. का, तर देवाच्या राखणदाराला गप्प कसं करायचं. देवानं मला तसं सांगितलं नव्हतं. ते माझं शहाणपण, त्याच्या नावावर खपवलेलं. प्रभूनं गुंगीचं पेय नाकारलं ते स्वतःचं. दुसऱ्याचं नाही. त्याच्याकडं आलेल्या एकाही आजाऱ्याला तो म्हणाला नाही की राहू दे, तुझ्या भल्याचंच आहे. हात लावला आणि बरं केलं."

पाळकसाहेब खाकरले. काका थांबले नाहीत.

"मग चांगला देव असलं दुखणं येऊच का देतो? मला ठाऊक नाही. रोज विचारतो. तो बोलत नाही. आपल्यातला कुणी उत्तर माहीत आहे म्हणाला, तर त्यानं ते माझ्या बायकोच्या खाटेजवळ उभं राहून सांगावं. इथून नाही."

मंडळीत कुणीतरी हळूच "खरंय" म्हणालं.

"पण एक गोष्ट मला कळते, कारण बधिर पाय बघण्यात माझा जन्म गेला. आपला देव बधिर नाही. तुमच्या चपलेत मी एक खिळा येऊ देत नाही, आणि त्यानं पायांतून ठोकून घेतले. मित्र मेला तर कबरीपाशी रडला. पुढच्या घटकेला उठवणार होता, तरी रडला. वधस्तंभावरून त्यानंही 'का' म्हणून हाक मारली, आणि त्यालाही वरून लगेच उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी उठला, तेव्हा जखमा बुजवून येता आलं असतं. तशाच घेऊन आला, आणि बोट लावून बघा म्हणाला. बधिर देव असता तर मी त्याला एक जोड शिवून दिला असता, गुडघे टेकले नसते. याला लागतं, म्हणून मी याच्याशी भांडतो. आणि भांडून झालं की याच्याचजवळ बसतो. दुसरीकडं जाऊ कुठं?"

एवढं बोलून ते खाली बसले. पाळकसाहेब उठले. हातातला लिहिलेला उपदेश त्यांनी दोनदा उलगडला, दोनदा त्याची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. "आपण प्रार्थना करू," म्हणाले. प्रार्थना लांबायला लागली तशी मागून काकूचा आवाज आला.

"साहेब, आमेन म्हणा लवकर. माझं औषध दोनला आहे."

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबही हसले आणि आमेन म्हणाले.

काकू त्यानंतर सात आठवडे जगली. काकांनी दवाखान्यातून गजराचं घड्याळ आणलं होतं, एकही वेळ चुकवली नाही. दुखणं पुरतं गेलं असं नाही, पण काकूला जेवणाला नावं ठेवण्याइतकी, पोरीसोरींची लग्नं जुळवण्याइतकी आणि नवऱ्याची टर उडवण्याइतकी सवड मिळाली. काका तिच्या उशाशी बसून चपला शिवायचे. तिची माफी मागायचं त्यांना जमेना. एकदा सुरुवात केली तर ती म्हणाली, "पुरे. रोज रेघेपर्यंत ओतता, कळलं मला."

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तिनं विचारलं, "मिळालं का उत्तर?"

"नाही."

"तुम्ही इकडून विचारत राहा. मी पोचले की तिकडून विचारते. समोर उभी राहिले म्हणजे त्याला टाळता यायचं नाही."

"त्याच्याशी तरी नीट बोल," काका म्हणाले.

"त्याला सवय आहे," ती म्हणाली. गजर वाजला. काकांनी दाभण खाली ठेवलं, हात धुतले आणि कप उजेडात धरून भरला. काकूनं तो एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं, "कडू आहे मेलं," म्हणाली आणि झोपली.