काकू तिखटाच्या ढगातून आल्या तेव्हा

माझी पहिली कादंबरी विनोदी होती. लालबागच्या एका चाळीखाली मसाला कुटायचा डंक असतो, त्यातून उडालेल्या तिखटाच्या लाल ढगातून एक वारलेली बाई परत येते आणि सगळ्या मजल्याला शिस्त लावते, अशी गोष्ट. ती बाई मी आमच्या शेजारच्या काकूंवरून घेतली होती. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी तोवर चाळ सोडून दादरला राहायला आले होते. काका काही पुस्तकं वाचत नाहीत, असं मी गृहीत धरलं होतं.

एका रविवारी त्यांचा फोन आला. "येऊन जा गो एकदा. पुस्तकाचं बोलायचंय."

त्याच संध्याकाळी चाळीत गेले. खाटेवर पुस्तक होतं, त्यात खुणेला कॅलेंडरच्या फाडलेल्या पट्ट्या.

"आमची ही अशी नव्हती," काका म्हणाले.

"काका, माझं चुकलं..."

"ऐक तर आधी. ते बिल्डरच्या माणसाला ती लाटणं घेऊन जिन्यावरून हाकलते, ते वाचताना मी इतका हसलो की समोरची धावत आली. काका, बरं आहे ना, म्हणून." त्यांनी पुस्तक मिटलं. "तो माणूस खरंच यायचा. खोली सोडा म्हणून. मी कामावर असायचो. ती त्याला काय बोलायची, मला कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. ते त्या उत्तरासाठीच थांबले होते, हे कळत होतं.

"नाही, काका. मी रचलं ते."

ते चहा टाकायला उठले. साखरेचा डबा समोर असूनही शोधत राहिले, तो मलाच दाखवावा लागला.

निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. खालच्या मजल्यावरची बाई नव्या सुनेला सांगत होती, "ह्याच जिन्यावरून काकूंनी त्याला हाकलला. सगळी चाळ बघत होती!" त्या बाईने पुस्तक वाचलं होतं, आणि आता तिला ते डोळ्यांनी बघितल्यासारखं आठवत होतं.

मी तिची चूक सुधारायला पुढे झाले. काकांनी माझा हात धरला.

"दोन पायऱ्या एकदम उतरला तो," ते त्या सुनेला म्हणाले. "चप्पल इथंच राहिली त्याची."

चपलेचं मी काहीच लिहिलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी काकांचा फोन येऊ लागला. काकू काय म्हणाल्या, कशावर हसल्या, शेजारणीशी कशावरून अबोला धरला, ते सांगायला. मी एका वहीत उतरवून घेते. त्यातलं घडलेलं किती, हे एकदाच विचारलं. "लिही तू," ते म्हणाले, आणि मसुराच्या आमटीत काकू कोकमं किती टाकायच्या ते सांगू लागले.